एक दुपार झोपू द्या

वामन गावंडे गेल्याची बातमी मला आमच्या दूधवाल्याने दिली. माघातली सकाळ होती, थंडी अजून रेंगाळत होती. दूध मापता मापता तो म्हणाला, "ते कूलरवाले भाऊ गेले म्हणते. झोपेतच गेले." मी भांडं हातात धरून तसाच उभा राहिलो. जन्माची दोस्ती आमची, आणि बातमी द्यायला दूधवाला! रागच आला मला. कोणाचा, ते अजूनही सांगता येणार नाही. सायकल काढली आणि लकडगंजच्या बाजूला त्याच्या भाड्याच्या घरी गेलो. अंगणात माणसं दाटली होती आणि निम्म्याहून अधिक मला अनोळखी होती. काळ्या कोटातले एक वकील होते, एका दवाखान्यातला कंपाउंडर होता, एक शाळामास्तरीण होती. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, पण जो तो हलक्या आवाजात आपली ओळख एकाच प्रकारे करून देत होता. "आमच्याकडे झोपले होते ते, बाबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी." "आमच्या माडीवर झोपले होते. आमचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं." एखाद्या नवख्याला वाटलं असतं, गेलेल्या माणसाला स्वतःचं घरदारच नव्हतं. मला मात्र तिथे, तिरडी बांधली जात असताना, हसू आलं आणि त्या हसण्यामागोमाग रडू फुटलं.

या झोपण्याची हकीकत सांगायची तर मागे जावं लागेल. आम्ही दोघं एका सरकारी कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर कारकून होतो. तो काटोलकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरात पहिल्यांदाच कोणी नोकरीला लागलेलं, त्यामुळे त्याचे वडील गावभर सांगत, "आमचा वामन टेबल-खुर्चीवर बसते." वामन बसायचा हे खरं, पण उन्हाळा लागला की त्याचं चित्त फायलीत नसायचं. बाहेरगावच्या लोकांना नागपूर म्हटलं की संत्री आठवतात. मे महिन्याचं नागपूर फक्त आम्हालाच ठाऊक. तेव्हा कचेरीच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि एक पाणीवाला दिवसभर त्यांवर पाणी मारत फिरे. वामन उठून या दारापाशी उभा राही, मग त्या दारापाशी. साहेब विचारायचे, "गावंडे, काय शोधताय?" तो म्हणायचा, "वारा, साहेब." सगळी कचेरी हसायची आणि तोही हसायचा.

एका उन्हाळ्यात त्याने घरीच पत्र्याची पेटी ठोकून, वाळा भरून, पंखा बसवून एक कूलर तयार केला आणि पहिला प्रयोग आमच्या घरी केला. प्रताप नगरात तेव्हा आम्ही नुकते राहायला आलो होतो. दक्षिणेच्या खिडकीत ते धूड बसवलं, सुरू केलं आणि तासाभरात खोलीत श्वास घेववेना. पापड सादळले, उशा ओलसर झाल्या. माझी बायको स्पष्टच म्हणाली, "भाऊजी, हे कूलर होय का भाताचं पातेलं?" दुसरा कोणी असता तर ओशाळून पेटी उचलून चालता झाला असता. वामनने जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "वहिनी, एक चटई द्या. मले आज दुपारी इथंच झोपू द्या." आणि खरोखर झोपला. कूस बदलत, मध्येच डोळे उघडून छताकडे बघत, मध्येच चक्क घोरत तो दुपारभर त्या खोलीत पडून राहिला. उठल्यावर बायकोने चहा पुढे केला आणि थट्टेने विचारलं, "काय म्हणते खोली?" तो गंभीरपणे म्हणाला, "कोंडून राहिली ते. हवेले बाहेर जायला वाट नाही, तं आत कायले येईन?" त्याने कूलर दुसऱ्या खिडकीत नेला, समोरचा झरोका उघडला, आणि त्या रात्री आमचं तान्हं पोर पहिल्यांदा न रडता झोपलं.

पुढे त्याने नोकरी सोडली. त्याचे वडील गावाहून आले आणि आमच्या ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. "तुम्हीच समजवा गा त्याले. खुर्ची सोडून टिनाचे डब्बे ठोकतो म्हणते. काहून असं करून राहिला, समजत नाही." मी समजावलं, निवृत्तिवेतनापासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं मांडलं. वामन शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "टेबलावर मी बसतो, पण मी तिथं नसतो लेका. तिथं माही फक्त सही असते."

धंद्याची त्याची एक अट असे. ज्या खोलीत कूलर बसवायचा, तिथे आधी एक दुपार झोपू द्यायचं. लोक बिचकत. परका माणूस भरदुपारी घरात झोपणार, घरात बायाबापड्या असणार... म्हणून तो स्वतःची चटई सायकलला बांधून आणायचा, दार सताड उघडं ठेवायचा आणि घरातलं वडीलधारं माणूस तिथे बसवून घ्यायचा. "बसलेल्या माणसाले घर आपलं चांगलं तेवढंच दाखवते," तो म्हणे, "खरं आहे ते झोपल्यावर समजते." कोणत्या भिंतीतून ऊन उतरतं, म्हातारं माणूस कुठे निजतं, पोरं कुठे खेळतात, हे सगळं बघून तो पेटीचं माप ठरवायचा. झोपून धंदा करणारा नागपुरातला एकमेव माणूस, असं आम्ही त्याला चिडवायचो. पहिला उन्हाळा नीट पार पडला की मगच तो कूलरवर पितळेची छोटी पट्टी ठोकून द्यायचा. तिच्यावर फक्त 'गावंडे' एवढंच. ती पट्टी ठोकताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी त्या कचेरीत कधी पाहिलं नव्हतं.

नाव झालं तसे नावाला गिऱ्हाईकही आले. लकडगंजचा एक व्यापारी त्याला म्हणाला, "गावंडे भाऊ, नाम तुमचं, माल आमचा. कहाँ कहाँ सोते फिरणार?" वामनची मुलगी मोठी होत होती, त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, स्वतःच्या घराची आस होती. त्याने हो म्हटलं आणि आलेल्या पैशातून आमच्या जवळच प्रताप नगरात एक प्लॉट घेतला. व्यापाऱ्याच्या दुकानावर त्याचं नाव हातभर लाल अक्षरांत झळकलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू! वामनही एकदोनदा वाट वाकडी करून त्या दुकानावरून गेला होता.

त्याच उन्हाळ्यात आमच्या साहेबांच्या आई दवाखान्यातून घरी आल्या म्हणून आम्ही दोघं रामदासपेठेत त्यांना भेटायला गेलो. खोलीत पाऊल टाकलं आणि अंगावर दमट वाफ आली. खिडक्या गच्च बंद होत्या. कोपऱ्यात पातळ पत्र्याचा कूलर थडथड वाजत होता आणि त्याच्या कपाळावर लाल अक्षरांत वामनचं नाव होतं. म्हातारी घामाने निथळत पडली होती, सून ओल्या पंच्याने तिचा गळा पुसत होती. साहेब कौतुकाने म्हणाले, "आई, हेच ते गावंडे. कूलर यांचाच." म्हातारीने मान वळवली, वामनकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "होय का बाप्पा? पण तुम्ही तं आमच्याकडं झोपले नाही." तक्रारीचा सूरही नव्हता. तिने फक्त जे ऐकलं होतं, ते विचारलं.

वामनचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याने चटई मागितली आणि तिच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर आडवा झाला. साहेब, त्यांची बायको आणि मी अवघडून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो उठला, एक खिडकी उघडली, कूलर सरकवला, पत्र्यात पुठ्ठ्याची घडी खोचून त्याचं थडथडणं बंद केलं. म्हातारीला डुलकी लागली तेव्हाच आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी तो नाव परत मागायला लकडगंजला गेला. "जे विकले गेले त्याचं काय?" व्यापाऱ्याने विचारलं. "ते मी पाहतो," वामन म्हणाला. आणि त्याने पाहिलं. उरलेला सगळा उन्हाळा सायकलला चटई बांधून तो घरोघर फिरला, प्रत्येक घरी एकेक दुपार झोपला. जिथे खिडकी बदलून भागलं तिथे बदलली, जिथे पेटीच रद्दी होती तिथे नवी करून दिली. त्यात प्लॉट गेला. मी भीतभीतच वहिनींना भेटलो. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "प्लॉटचं काही नाही भाऊजी. पण लोकायच्या घरी झोपून झोपून ह्यायची घरची झोप गेली पाहा." पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्याच आमच्याकडे हसत आल्या. "आज घरी झोपले वं दुपारी," माझ्या बायकोला म्हणाल्या, "घोरून राहिले चांगले." दोघी पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

त्यानंतर त्याने कूलरवर नाव कधीच घातलं नाही. पितळेच्या पट्ट्याही बंद केल्या. मी वाद घातला की अरे, एवढं कमावलेलं नाव असं कोणी टाकतं का? तो म्हणाला, "नाव ठोकलं का मंग आपण नसलो तरी चालते, असं वाटते. मलेच वाटलं होतं." आज गल्लोगल्ली माणसं आपल्या नावाच्या पाट्या रंगवतात आणि त्यांत मी काही वाईट मानत नाही. पण त्या सकाळी अंगणात जमलेल्या लोकांच्या घरी वामनच्या नावाची पट्टी असो-नसो, तो आपल्या कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीकडे डोकं करून झोपला होता हे त्यांना ठाऊक होतं. माणसाने आयुष्यात यापेक्षा अधिक काय मिळवायचं असतं, मला खरंच कळत नाही.

दिवाळीत तो आमच्याकडे फराळाला आला होता. आमच्या बाजूच्या मोकळ्या जागेत दुमजली घर उठलं आहे आणि त्यासाठी तिथला कडुनिंब तोडला गेला. वामन चिवडा खाता खाता खिडकीतून त्या भिंतीकडे पाहत राहिला. "खोली बदलली तुमची," म्हणाला. "होळी झाली का येतो. झोपून पाहतो." तीच शेवटची भेट. तेरवीला निघताना सुमनवहिनींनी आतून त्याची चटई आणली. कडा उसवलेल्या, मध्ये पाठीएवढी जागा गुळगुळीत झालेली. "तुमच्याकडचं झोपायचं राहिलं त्यायचं," एवढंच म्हणाल्या.

होळी होऊन गेली. परवा भरदुपारी मी ती चटई खोलीत अंथरली आणि तिच्यावर आडवा झालो. खूप वेळ काहीच कळलं नाही, नुसता वामन आठवत राहिला... मग डाव्या पायाला ऊब जाणवली. शेजारची नवी भिंत दुपारभर तापते आणि तिची धग थेट आमच्या कूलरच्या खिडकीतून आत येते. स्वयंपाकघराकडच्या खिडकीपाशी मात्र गारवा होता. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा पाठीवर चटईचे वळ उठले होते आणि बायको चहाचा कप घेऊन उभी होती. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने विचारलं, "काय म्हणते खोली?"

मी उठून बसलो. "वामनची वाट पाहून राहिली," म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. मग एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने मी, आणि कूलर स्वयंपाकघराकडच्या खिडकीत नेऊन ठेवला.