कपाटावरचे तीन ठोके

सुनंदाताईंचं नाव आधी घेते. आठवीत शाळा सुटलेली मी माण तालुक्यातल्या गावाहून शहरात, घणसोलीत आले, तेव्हा त्यांनी मला पाळणाघरात कामाला ठेवलं, राहायला वरची खोली दिली, बालवाडीच्या कोर्सची पुस्तकं शेजारी बसून शिकवली. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांना तर नाहीच.

दुपारी दोनला झोपलेल्या मुलांचा फोटो त्यांच्या आयांच्या ग्रुपवर जायचा. एक जरी जागं दिसलं, तरी ऑफिसातून फोन सुरू. दीड वर्षाची ओवी झोपायचीच नाही. मला वाटायचं, काम जाईल, गावी परतावं लागेल — खरंच गेलं असतं का? माहीत नाही.

ताई जेवायला गेल्या की मी लोखंडी कपाटावर बांगडीने तीन ठोके द्यायचे. "बुवा आला." पहिल्यांदा ती किंचाळली. मग रडणंच थांबलं. पुढे बुवाचं नावही लागेना — तीन ठोके, की ती असेल तिथे आडवी, डोळे मिटलेले. झोपलेली नसायची. पापण्या थरथरायच्या, फोटोत ते दिसत नाही. मी "गेला" म्हटलं की मगच डोळे उघडायची.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," ताई म्हणायच्या.

ओवी पाळणाघर सोडून गेल्यावर ताईंनी कोर्सच्या पुस्तकातला सवयीचा धडा शिकवला. घंटा वाजवून खायला देत राहिलं, की पुढे नुसत्या घंटेने कुत्र्याला लाळ सुटते. आणि इतक्या लहानपणचं मुलांना आठवत नाही, पण अंगात राहतं. "कळलं ना?" कळायचं काय राहिलं होतं?

यंदा ओवी आईबरोबर पेढे घेऊन आली. सात वर्षांची. मला ओळखलं नाही, नुसती हसली. आणि मी — का, ते अजून कळत नाही — कपाटावर तीनदा वाजवलं. अगदी हळू.

ती फरशीवर आडवी झाली. मुठीत पेढा, डोळे बंद.

"घरीपण असंच, कुणी दार वाजवलं की," आई म्हणाली. "किती डॉक्टर झाले."

ताईंनी मला विचारलं, "इथे कधी काही झालं होतं का गं?"

"नाही, ताई."

"मग माझंच लक्ष कमी पडलं असेल," त्या ओवीच्या आईला म्हणाल्या.

ओवी तशीच पडून होती. एक शब्द तिला उठवू शकला असता, तो मलाच ठाऊक होता. मी बोलले नाही.

ताई, तुमचं ऋण मी एक दिवस फेडीन — ओवीच्या आईसमोर, तुमच्या देखत, तो शब्द उच्चारून.