दांडीवरच्या बाईचे हात

बाबांच्या त्या गाजलेल्या चित्रात एक बाई दांडीवर वाळत घातलेली आहे. पिळलेल्या साडीसारखी लोंबणारी, चेहरा नाही, हात नाहीत, खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. सररिअलिस्ट म्हणून बाबांचं जे काही नाव झालं ते या एका चित्रावर. पुढे आयुष्यभर त्यांनी तीच बाई उलटीपालटी करून वाळत घातली आणि लोक वा वा करत राहिले.

ती बाई म्हणजे माझी आई. हे आम्हा तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आईची एकच इच्छा होती, की एकदा तरी हे चार लोकांना कळावं.

बँकेतली नोकरी स्थिरावल्यावर मी दोघांना टोरोंटोला माझ्या कॉन्डोत आणलं. दोन हिवाळे गेले आणि एका गॅलरीतल्या बाईंचा फोन आला. त्यांना चित्र नको होतं, चित्राआधीचं पेन्सिलचं रेखाटन हवं होतं. त्या रेखाटनात आई अख्खी होती. चेहरा, नाकातली चमकी, वर केलेले दोन्ही हात. बाई येणार त्या दिवशी आईने सकाळीच इरकली साडी नेसली. पदराला पिन मी लावली, कारण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

तो हात कशाने गेला हे मी लहानपणी दारात उभी राहून पाहिलं होतं. अंगात ताप असताना बाबांनी तिला स्टुलावर उभं केलं होतं. दांडीला हात लावायचा नाही, बोटांचा आकार बिघडतो. हात खाली आले की खेकसायचे. त्यानंतर तिचा खांदा जो आखडला तो कायमचा. तिची वेणी मीच घालू लागले.

बाईंनी पांढरे हातमोजे घालून कागद डायनिंग टेबलवर ठेवला. कोपरापर्यंतच्या रेषा ठाम आहेत, कोपराच्या वर मात्र खोडून खोडून काढलंय, हे त्यांनी बरोबर हेरलं. त्यांच्या मते कलावंताला इथेच शंका आली, हात हवेत कशाला! इथेच तो वास्तव सोडून स्वप्नात शिरला, पुढचं सगळं काम या खाडाखोडीतून आलं. बाबा डोळे मिटून मान डोलावत होते. शंका कसली कपाळाची? तेव्हा स्टुलावर आईचे हात थरथरत खाली येत होते आणि बाबा प्रत्येक वेळी नव्याने काढत होते. एवढं करून शेवटी चित्रात हात घेतलेच नाहीत!

"मॉडेल कोण होती?" बाईंनी विचारलं. आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. इंग्रजी तिला चांगलं कळतं.

"नोबडी," बाबा म्हणाले. "जस्ट अ स्टडी."

माझं डोकंच फिरलं. "दॅट्स माय मदर," मी ओरडले.

बाई हरखल्या. ट्रे त्यांनी स्वतःच आईच्या हातातून घेतला. आईला रेखाटनाशेजारी उभं केलं, तसेच हात वर कराल का म्हणाल्या, आणि कॅमेरा काढला. डावा हात सरळ वर गेला. उजवा छातीपाशीच थांबला.

"आई, राहू दे," मी म्हटलं.

"अगं, नीट कर ना," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "कागदावर बघ, केवढा वर आहे तो."

"हो, हो. करते."

तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि ओठ चावून वर ढकललं. डोळ्यांत पाणी आलं तरी ढकलत राहिली. मग कॅमेऱ्याकडे पाहून हसली. ते हसू दिखाऊ असतं तर मी सहन केलं असतं. पण ती मनापासून खूश होती. बाबांना मी कधीच माफ केलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. त्या हसण्यासाठी आईलाही माफ करू शकले नाही.