पेटीमागची भिंत

आश्रमशाळेच्या मुलींच्या खोलीत, माझ्या पत्र्याच्या पेटीमागे, कुडाच्या भिंतीत एक खड्डा होता – वाटीएवढा, कडा बोटांनी गुळगुळीत झालेला. सारवलेल्या त्या भिंतीवर पाणी शिंपडले की असा गंध दरवळे, की तोंडाला पाणी सुटायचे... मी आणि वांगणीची जनी तिथली माती चघळत असू. व्यसन जनीचे, मी आपली सोबतीला, असा माझा ठाम समज होता.

ओढ्यावरून बादली घेऊन चढताना जनी तीनदा खाली बसे. ओठ पांढुरके पडत. आम्ही हे कुणाला सांगितले नव्हते. आजारी मुलीला घरी धाडायची तिथली रीत, आणि दिवाळीनंतर जनीच्या घराला कुलूप – आईबाप वीटभट्टीवर. आदल्या वर्षी अशीच एक घरी गेली ती भट्टीवरच राहिली. तिची पेटी उन्हाळ्यापर्यंत कोपऱ्यात पडून होती.

एका हिवाळ्यात जव्हारहून नर्सबाई रक्त तपासायला आल्या. व्हरांडाभर स्पिरिटचा थंड वास... जनीने माझा हात धरला.

"मना घरी धाडतील."

"तुझ्या नावाने मीच जाते. माझं रक्त चांगलं लालभडक आहे."

सगळ्यांचे गणवेश सारखे, तेलकट वेण्यांच्या रिबिनी सारख्या – ओळखणार कोण? माझ्या नावाने टोचून घेतले आणि रांगेच्या शेवटी जनी होऊन पुन्हा उभी राहिले.

नर्सबाईंनी कागदावर टिपलेला थेंब उजेडाला धरला. मग माझा दुसरा हात उलटून पाहिला. मघाच्या टोचणीची खूण ताजीच होती.

"मघाशी फिकट, आताही फिकट. दोनदा टोचून रक्त वाढतं का गं?"

फिकट, आणि माझे? शहाणपण अंगाशी आले. मी रडत रडत सारे सांगून टाकले, अगदी भिंतीचेसुद्धा. जनीला बोलावले, तिचा थेंब माझ्याहून पाणचट.

"तिला घरी धाडणार?"

"घरी कशाला? रक्त कमी असलं की मातीची ओढ लागते. लोहाच्या गोळ्या इथंच आहेत. दोघींनी रोज वर्गाच्या बाईंसमोर गिळायच्या."

माझा जीव भांड्यात पडला. जनी तर तिथेच मटकन बसून हसू लागली. होळीपर्यंत ती न थांबता चढ चढू लागली, आणि एका दुपारी भिंतीवर पाणी शिंपडले तेव्हा गंध नुसताच छान वाटला... हात पुढे गेला नाही.

ती खोली आता राहिली नाही. जनीची पेटी मात्र दहावीपर्यंत माझ्या पेटीशेजारीच होती. मी मोखाड्याकडे शिक्षिका आहे. तपासणीच्या दिवशी, घरी कुणालाच धाडणार नाही, हे आधी सांगते. वसतिगृहाच्या भिंती आज सिमेंटच्या आहेत. पण वर्गातले खडू लवकर संपू लागले, की मी मुलींचे ओठ पाहते.