मोहटोल्याचा झेंडा

दुकानात आले की सर बोलायच्या आधी झेंडा काउंटरवर अंथरायचे, त्याचं फाटकं टोक दोन बोटांत धरून उजेडात न्यायचे आणि म्हणायचे, "पाहा बाई, वारा याले खाऊन राहिला."

जणू वारा त्यांच्याच वर्गातला एखादा वांड विद्यार्थी होता. मी मशीन न थांबवता "ठेवा" म्हणायची. पवनीच्या बाजारात माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. लग्नसराईत झेंड्याला कोण विचारतो?

ते धरणात गेलेल्या मोहटोल्याचे शिक्षक. नव्या वसाहतीच्या शाळेत सागरी स्काउटचं पथक चालवायचे, धरणाच्या पाण्यावर नाव वल्हवायला शिकवायचे. भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठला, असं तुम्हालाही वाटलं असेल. दुकानातल्या बायका तर तोंडावर विचारायच्या, "सर, तुमचं जहाज कोन्त्या बंदराले लागते?"

"सध्या पिकोच्या दुकानाले लागलं हाये," ते शांतपणे सांगायचे.

झेंडा निळा. दोरीकडच्या बाजूला जहाजाचा पांढरा नांगर आणि त्याच्यापुढे गावाचं नाव, मोहटोला, जुन्या गावातल्या बायकांनी साखळी टाक्यानं भरलेलं. झेंडा फडफडला की मोकळं टोक आधी विरतं. मी दरवर्षी विरलेला भाग कापून काठ दुमडून द्यायची. दरवर्षी झेंडा आखूड व्हायचा आणि नावापुढचं कोरं निळं कापड संपत चाललं होतं.

जोड लावून देते म्हटलं तर नको. वसाहतीचं नाव वेगळं, पथकही त्याच नावाचं. स्काउटच्या कचेरीतून त्यांना सांगितलं होतं, जुना झेंडा टिकेल तोवर वापरा, पुढचा नव्या नावाचा करा. जोड लावला की जुना संपला म्हणतील, अशी त्यांना धास्ती. बसच्या पाटीवरून, शाळेच्या फलकावरून मोहटोला कधीच गेला होता. उरला होता तो या कापडावर.

"मंग कपाटात ठेवा ना," मी एकदा वैतागून म्हटलं. "दरसाली वाऱ्यापुढं कायले टाकता?"

"कपाटातल्या झेंड्याले फडकं म्हणते, बाई."

एकदा आग्रह करून त्यांनी मला पथकाच्या कार्यक्रमाला नेलं. ऊन भयंकर, खुर्च्या कमी, पाहुणे उशिरा. दोन नावा समोरासमोर आल्या की झेंडा थोडा उतरवून पुन्हा चढवायचा, ही पाण्यावरची सलामी, एवढं त्यांनी मला आधी समजावलं. मग त्यांची नाव पाण्यात बरीच आत गेली. समोर दुसरी नाव नव्हती. तरी झेंडा खाली आला आणि हळूच वर गेला. परतल्यावर पाहुण्यांनी विचारलं, सलामी कोणाला दिली?

"खाली शाळा हाये ना, साहेब."

पाहुणे हसले. मग कोणी आपल्यासोबत हसत नाही हे पाहून थांबले.

गेल्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा त्यांना दम लागला होता. पायरीवरच बसले. झेंडा मीच अंथरला. टोक शेवटच्या अक्षराच्या काठापर्यंत विरलं होतं.

"सर, आता कापलं तं अक्षर जाईन," मी म्हटलं. "नाही कापलं तं आपोआप उसवन. काय ते सांगा. मले संध्याकाळी नवरीचे ब्लाऊज द्याचे हायेत."

ते उठून आले. त्या अक्षरावर बोट ठेवून उभे राहिले. मी मशीन सुरू केली, थांबवली.

"राहू द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

सांगायला आले नाहीत. ते गेल्याचं पावसाळ्यात कळलं. पथकाला नवा झेंडा आला, छापील, नायलॉनचा, नव्या नावाचा. चांगला आहे. टिकेल.

कोणी न्यायला न आलेले कपडे मी दिवाळीनंतर गोधडीवालीला देऊन टाकते. दुकान लहान आहे. या वेळीही दिले. झेंडा तेवढा राहिला, न कापलेला, न शिवलेला. त्यांना हे आवडलं नसतं, मला ठाऊक आहे. आधी तो दाराजवळच्या खुंटीवर होता. पंखा लावला की टोकाचे धागे हलायचे. मग मी तो आतल्या खुंटीवर टांगला.

तिथे वारा लागत नाही.