भैरूची गादी गार पडेना

रुपाली नर्सबाई आजही हसत कबूल करते, की पहिल्या दिवशी तिला कस्तुरा चक्क चोर वाटली होती. वाटणारच हो! चाकणजवळच्या वाडीतल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, आणि गावची ही पन्नाशीची आशा सेविका परक्याच्या गादीत हात घालून चाचपतेय.

ती गादी भैरूची. त्याला टीबी निघाला होता, तीन दिवस तो दवाखान्यात होता. घरच्यांची तपासणी करायची, तर रुपालीच्या कागदावर भैरूपुढे ‘एकटा’ लिहिलेलं. संपलं काम! शहाणी पोर निघालीसुद्धा.

कस्तुरानं तिचा हात धरून गादीवर दाबला. “बघ.”

गादी गरम होती.

खोलीतली पोरं भिंतीकडे बघायला लागली. रुपालीनं हात झटकन मागे घेतला.

“हितं गादी गार पडत न्हाई, बाई. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला निजतो. भाडं निम्मं निम्मं. तुमच्या कागदात मातर एकच माणूस.”

तेवढ्यात मागच्या मोरीतून खोकला आला. दाबलेला, तोंडात टॉवेल कोंबल्यासारखा.

दाराआड नवनाथ होता, परभणीकडचा, ह्याच गादीचा रातपाळीवाला. बॅग भरलेली. तेरा दिवसांच्या लेकीचं बारसं, संध्याकाळची गाडी.

“ताई, माझं नाव लावू नका. ठेकेदार उद्याच काढंल. अन् तुमचा दवाखाना चारला बंद, मी उठतोच चारला. कवा यावं मी?”

रुपाली हातातले कागद चाळायला लागली. कस्तुराकडे उत्तर तयार होतं, तिच्याकडे कधी नसतं म्हणा!

“ठेकेदाराला मी सांगत न्हाई. पर बारशाला लेकीसाठी काय नेतोस रं? कुंची, का हा खोकला?”

नवनाथनं बॅग खाली ठेवली. गाडी गेली. बारसं त्यानं फोनवर पाहिलं, पाळण्याची दोरी हलताना. दोन दिवसांनी थुंकीचा अहवाल आला. टीबीच.

मग रुपालीनं वरच्या साहेबांचं डोकं खाल्लं. आता शिफ्ट सुटताना दवाखाना उघडतो, रात्री नऊपर्यंत, आणि यादी घरवार नाही, गादीवार होते. त्या एका चाळीत सव्वीस गाद्या. सात तपासून झाल्या, त्यात आणखी दोघे सापडले. बाकीच्या एकोणीस अजून गरमच आहेत, आणि आत कोण खोकतंय ते कुणाला ठाऊक नाही.

कागद भरताना परवा दोघींची जुंपली.

“काकू, नवनाथचं भैरूशी नातं काय लिहू?”

“गादीभाऊ.”

“असलं नातं नसतं!”

“गुरुभाऊ असतो, दूधभाऊ असतो. ह्यांची एक उशी, एक पांघरूण. मी आन माझ्या नवऱ्यानं बी एवढं वाटून घेतलं न्हाई. लिव्ह.”

“साहेब हसतील हो.”

“हसू दे. बाकीच्यांची तपासणी तर व्हईल? का परत ‘एकटा’ लिवतीस?”

रुपालीनं तोंड वाकडं केलं, पेन उघडलं आणि लिहिलं: गादीभाऊ.