फुलांचा बांध आणि अंबाजींचं धोतर

आंबी गावात धोंडाबाईचा बांध लांबूनच ओळखू येतो. बाकीच्यांचे बांध तासून चकचकीत. हिचा मात्र गणपती उठले की कारळ्यानं पिवळा आणि तेरड्यानं गुलाबी झालेला असतो. जाणारा-येणारा विचारतोच, "मावशी, बांध कधी तासणार?"

"माज्या काकड्यांना इचार, बाबा," असं तिचं ठरलेलं उत्तर.

सात वर्षांपूर्वी तिच्या काकडी-भोपळ्याच्या वेलींना फुलं लय यायची, पण फळ धरायचं नाही. मग ती उजाडताच नर फूल तोडून एकेका मादी फुलाला लावत, कंबरेत वाकून रानभर फिरायची. नवरा अंबाजी चिडवायचे, "पोरींची लग्नं उरकली, आता भोपळ्यांची लाव." एका वर्षी तिची कंबर धरली आणि बांध तासायचाच राहिला. त्या बाजूच्या वेली फळांनी लगडल्या. बांधावरच्या रानफुलांत मधमाशांचा नुसता गजर. तेव्हापासून ती बी राखून ठेवते आणि मृगाच्या आधी बांधावर उधळते. अंबाजी गेले, तरी हे चुकलं नाही.

यंदा मात्र चार वर्षांच्या नातीच्या, स्नेहलच्या कानामागं गोचीड निघाली. सून सारिका कंपनीतून येऊन पोरीला न्हाऊ घालत होती, तेव्हा दिसली. तिनं ती चिमट्यानं काढली, पोरीला डॉक्टरांना दाखवून आणलं. ताप नव्हता. पण घरी आल्यावर सारिकानं विषय काढलाच.

"आत्या, ती दुपारभर त्या फुलांतच असते. रविवारी हे मशीन आणून सगळा बांध कापतील."

धोंडाबाईचा मुलगा निलेश ताटावर भाकरी मोडत राहिला.

"फुलांत गोचिडी कुटनं येत्याल गं?" धोंडाबाई म्हणाली.

"मग हिच्या कानामागं कुठून आली?"

धोंडाबाईनं सुनेवर रागवावं, तर पोर सुनेचीही होती.

दुसऱ्या दिवशी सारिका कामावर गेल्यावर तिनं ट्रंक उघडली. अंबाजींचं एक धोतर तिनं ठेवून दिलं होतं. रानातून आले की त्यांच्या धोतराला कुसळंच कुसळं असायची आणि ती ओट्यावर बसून एकेक वेचून काढायची. कुसळ चिकटतं, तर गोचीडही चिकटेल. तिनं धोतराचं टोक काठीला बांधलं आणि फुलांतून ओढत निघाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट. कुसळं, तेरड्याच्या पाकळ्या, एक कोळी. गोचीड एकही नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. आता फक्त कडेची बाभळ राहिली होती. तिथलं गवत तुडवलेलं होतं. तिनं धोतर तिथूनही ओढलं आणि उलटं करून पाहिलं. पांढऱ्यावर सात-आठ तांबूस ठिपके चालत होते.

शेजारीच कपिली गाईचा खुंटा. श्रावणापासून रोज दुपारी गाय तिनंच तिथं बांधली होती. सावली होती आणि नातीला मांडीवर घेऊन मधमाशा बघत बसता येई. गाईच्या अंगावरच्या गोचिडी त्याच गवतात उतरल्या होत्या.

झटकलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं. तिनं धोतराची घट्ट गुंडाळी करून पिशवीत बांधली.

संध्याकाळी सारिकापुढं ती पिशवी ठेवून म्हणाली, "फुलांत न्हाईत. बाभळीखाली हायेत. गाय मीच बांधली, आन् पोरीला बी मीच बसवलं तितं. आता काय कापायचं ते कापा."

सारिकानं पिशवीची गाठ आणखी आवळली. मग म्हणाली, "आत्या, मला वाटलं होतं, फुलं वाचवायला काहीतरी सांगाल."

"सांगनारच हुते. बाभळ नडली."

सारिकाला हसू आवरलं नाही.

रविवारी मशीन आलं. निलेशनं बाभळीखालचं गवत आणि कडेची पायवाट तेवढी कापली. कपिलीला गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घेतलं आणि तिचा खुंटा गोठ्याकडे गेला. फुलं उभी राहिली.

आता रोज दिवेलागणीला ओट्यावर स्नेहलची तपासणी होते. कान, मान, काखा, गुडघ्यामागं. परवा ती झाल्यावर सारिका उठली नाही. "आत्या, आता तुम्ही बसा इकडं," म्हणाली, आणि सासूचा पांढरा अंबाडा सोडून कानामागचे केस हळूहळू बाजूला करू लागली.