शेवंताक्काचं डोहाळजेवण

शेवंताक्का आज सकाळी गेली. साखरेनं गेली.

तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला साखर कशी होईल, असं तेव्हा सगळे म्हणायचे. मीही तेच धरून चालले होते. साखर म्हणजे खात्यापित्या घरचा आजार.

एकोणीसशे ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार. मी निपाणीत नर्स. नवीन आणि तोंडाळ.

शेवंताक्का तंबाखू चाळायला जायची. अंगानं काडी. आधीची दोन मुलं चांगली वजनदार, पण दोन्ही मेलेलीच जन्मली. आता तिसऱ्यांदा सहावा महिना.

तिची लघवी नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळली. निळं पार विटकरी झालं, म्हणजे साखर भरपूर.

"गोड बंद," मी दरडावलं.

"बाई, साखर आमच्यात सणाला येतीया. माझ्या आंगात कुठनं आली?"

मग तिचं खाणं विचारलं. रेशनचा भात, पातळ आमटी आणि भूक मारायला दिवसभर गुळाचा कोरा चहा. भाजी, डाळ आधी नवऱ्याला आणि सासऱ्याला. उरलं तर हिला.

मी तिला डाएटचा छापील कागद वाचून दाखवला. दूध, फळं, अंडी, पालेभाज्या.

"ह्यातलं घरात काय न्हाय," ती शांतपणे म्हणाली.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं, तर तेही जमेना. दोन दिवस खाडा झाला की मुकादम दुसरी बाई घ्यायचा.

सातव्या महिन्यात वखारीतल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत तिचं डोहाळजेवण केलं. मलाही बोलावलं. ताटात पुरणपोळी, शिरा, करंज्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला आधी वाढलं होतं.

मी सरळ ताट उचललं.

"बाई, दोन जिवाच्या बाईम्होरनं ताट उचलू नगा," त्यांच्यातली सगळ्यात थोरली गंगाक्का म्हणाली. "अपशकून असतोय."

"दोन लेकरं गेली. अजून कसला अपशकून राहिलाय?"

असं बोलायला नको होतं. शेवंताक्का मान खाली घालून बसली. मला लाज वाटली, पण ताट काही खाली ठेवलं नाही.

गंगाक्कानं आपला डबा सोडला. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ. तिच्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्ये खा गं. तुझं गोड आमी खातो."

त्या दिवसापासून बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. रोज एकीच्या डब्यातली भाजी-उसळ शेवंताक्काला. ती बेळगावला गेली की तिच्या वाटणीचा तंबाखू बाकीच्या चाळायच्या. मुकादमानं विचारलं तर, "परसाकडं गेलीया."

शेवटी बेळगावातच ठेवून घेतलं, इन्सुलिन दिलं. मुलगी झाली.

रडली.

वखारीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

बाळंतपणानंतर आईची साखर पुन्हा बघायची असते. ती पुढं परत येते. हे मला शिकवलं होतं.

शेवंताक्का पोरीला डोस द्यायला आणायची. मी पोरीचं वजन करायची, गाल ओढायची. आईकडं बघितलंच नाही.

वीसेक वर्षांनी पायाची जखम भरेना, तेव्हा कळलं. मग डोळे. मग डायलिसिस.

आज फोन त्याच पोरीचा आला. "बाई, आई तुमचं नाव लई घ्यायची. तुमच्यामुळं माझी पोर जगली म्हणायची."



शेवंताक्का, तुला शेवटचा नमस्कार. एक नळी लघवी उकळायची होती गं. ती मी उकळली नाही.